सेल्फ फिरतो, पण प्लगला करंट नाही

यावेळच्या पत्रांमध्ये ब्रेकचे आणि कार्ब्युरेटरचेही प्रश्न होते पण ते बाजूला ठेवलेत, कारण बाकी सगळी पत्रं एकाच जागी अडकलेली आहेत. बॅटरी चांगली, सेल्फ जोरात फिरतोय, पेट्रोलचा वासही येतोय आणि प्लग मात्र ढिम्म. गाड्या वेगवेगळ्या आहेत पण सगळ्या सीबी पॉइंटवाल्या (कॉन्टॅक्ट ब्रेकर, कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी उघडझाप करणारी टोकं), म्हणजे बॅटरी, चावी, कॉइल, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट, कंडेन्सर अशी जुनी सिस्टीम. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने ही १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बसवली आणि पुढे साठेक वर्षं जगभरच्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच पद्धतीवर चालल्या, त्यामुळे गाडी ब्रिटिश असो, इटालियन असो की जर्मन, दोष शोधायची रीत एकच.

प्रश्न: दादा नमस्कार. माझी साठच्या दशकातली चार सिलिंडरची गाडी आहे, बरीच वर्षं कव्हरखाली उभी होती. आता चालू करायला घेतली तर करंटच नाही. प्लग नवीन टाकले, एचटी (हाय टेन्शन, प्लगच्या जाड) वायरचा सेट नवीन, कॉइल पण नवीन, तरी प्लग काढून ब्लॉकला टेकवला तर एक ठिणगी नाही. एक मेकॅनिक म्हणतो डिस्ट्रिब्युटरच बदला, दुसरा म्हणतो सगळं वायरिंग काढून नवीन करा. नक्की कुठे हात घालायचा?

उत्तर: आधी पार्ट विकत घेणं थांबवा. तुम्ही जे बदललंत ते जुनं बहुतेक चांगलंच असणार, टाकून दिलं नसेल तर जपून ठेवा. करंट नाही म्हटलं की माणूस आधी डोळ्यासमोर दिसतं तेच बदलतो, प्लग, वायर, कॉइल, आणि दोष बऱ्याचदा लपलेला असतो बारा व्होल्टच्या बाजूला, जिथे शोधायला एक बल्ब पुरतो.

सगळ्यात आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. रोटर, म्हणजे कॅपखालचा करंट वाटणारा तुकडा, फिरतोय का बघा. फिरत नसेल तर करंटचा विषय तिथेच संपला, टायमिंग चेन किंवा डिस्ट्रिब्युटरचा ड्राइव्ह तुटलाय, ते वेगळं काम आणि त्यात सेल्फ अजिबात मारत बसू नका. फिरत असेल तर त्याच वेळी पॉइंट बघून घ्या, उघडझाप होतेय का. कॅमवर घासणारी जी फायबरची टाच असते ती झिजत गेली की गॅप कमी कमी होत जातो आणि एक दिवस पॉइंट उघडतच नाहीत.

आणि पॉइंट उघडले नाहीत तर ठिणगी नाही, हे का ते सांगतो, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. पॉइंट बंद असताना कॉइलच्या प्रायमरीतून, म्हणजे बारा व्होल्टच्या वेटोळ्यांतून, साधारण ३ ते ४ अँपिअर करंट वाहत असतो आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. पॉइंट उघडले की करंट झटकन तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीत, जिला प्रायमरीच्या शंभरेक पट वेटोळी असतात, १५-२० हजार व्होल्ट तयार होतात. म्हणजे ठिणगी पॉइंट बंद होताना पडत नाही, उघडताना पडते. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला हे सेकंदाला १०० वेळा चाललेलं असतं. कंडेन्सर फक्त एवढंच बघतो की उघडताना करंटने पॉइंटच्या फटीत उडी मारू नये, कारण तिथे ठिणगी पडली तर प्लगला जायचं ते तिथेच जळून जातं.

आता टेस्ट लॅम्प. पार्किंग लाइटचा छोटा १२ व्होल्टचा बल्ब, दोन वायरी आणि एका टोकाला क्लिप, झाला लॅम्प. एलईडीवाला टेस्टर नको, तो इतक्या कमी करंटवर पेटतो की सडक्या जोडातूनही पेटेल आणि तुम्हाला वाटेल सप्लाय मस्त आहे. क्लिप ब्लॉकच्या चकचकीत जागी लावा, रंगावर नाही. कॉइलला दोन बारीक टर्मिनल असतात, एक चावीकडून आलेलं आणि एक डिस्ट्रिब्युटरकडे जाणारं. मुद्दाम प्लस-मायनस म्हणत नाहीये, कारण बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो आणि तिथे सगळं उलटं होतं. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असतं, जर्मन बॉशवर १५ आणि १. एसडब्ल्यू किंवा १५ ही चावीची बाजू, सीबी किंवा १ ही डिस्ट्रिब्युटरची.

चावी ऑन करा, सेल्फ नको, आणि लॅम्प चावीच्या बाजूच्या टर्मिनलला लावा. पेटलाच पाहिजे. नाही पेटला तर कॉइल, पॉइंट सगळं विसरा, सप्लायच पोचत नाहीये, मग चावीचा स्विच बघा, मधले कनेक्टर बघा, आणि आरपीएम मीटर बघा, जे कोणाच्या डोक्यातच येत नाही. काही जुन्या गाड्यांत इग्निशनची वायर आधी मीटरमधून फिरून मग कॉइलला जाते, मीटरच्या मागची पिन निसटली की गाडी बंद आणि माणूस बोनेटखाली शोधत बसतो. खात्री करायची असेल तर बॅटरीच्या जिवंत (बॉडीला न जोडलेल्या) टोकापासून फ्यूज घातलेली एक वायर डायरेक्ट कॉइलच्या या टर्मिनलला द्या, करंट आला तर दोष मागे आहे. फक्त ती वायर असताना चावीने गाडी बंद होणार नाही, वायरच काढावी लागते, आणि इंजिन बंद असताना तशीच लावून ठेवलीत तर नवीन कॉइल तापून मरेल.

चावीची बाजू पेटली? मग लॅम्प डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या टर्मिनलला लावा आणि गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन हळूहळू फिरवा, पुलीला पाना लावून हाताने फिरवता आलं तर उत्तम. पॉइंट उघडे असताना लॅम्प पेटणार, बंद असताना विझणार. ही एक टेस्ट अख्ख्या भानगडीचे दोन तुकडे करते आणि माझ्या मते डिस्ट्रिब्युटर बदला म्हणणाऱ्या माणसाने आधी ही करून दाखवावी. पेट-विझ होतेय म्हणजे प्रायमरी बहुतेक ठीक, मग कंडेन्सर आणि हाय टेन्शनकडे जायचं. सतत पेटलेलाच राहतोय म्हणजे पॉइंटमधून अर्थ (गाडीच्या बॉडीशी जोड) मिळत नाहीये. कधीच पेटत नाहीये म्हणजे एकतर कॉइलची प्रायमरी तुटलीये किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आत कायमचा अर्थ लागलाय, आणि यातलं कोणतं ते कळायला कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरची वायर काढा, लॅम्प पेटला तर दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये, तरी नाही पेटला तर कॉइल.

तुमची गाडी इतकी उभी होती म्हटल्यावर माझा अंदाज असा की लॅम्प सतत पेटलेला राहणार. पॉइंटच्या तोंडांवर हवेने आणि दमटपणाने एक करडा थर चढतो, डोळ्यांना पॉइंट बंद झालेले दिसतात पण करंटच्या दृष्टीने ते उघडेच असतात, बारा व्होल्टला तो थर फोडता येत नाही. बारीक पॉलिश पेपरची, ६०० नंबरच्या आसपासची, चिंचोळी पट्टी दोन्ही तोंडांच्या मध्ये धरून दोन-चार वेळा ओढा, मग व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा स्पिरिटमध्ये भिजवून ओढा, कार्डावर काळं यायचं थांबेपर्यंत. ही कार्डाची पायरी लोक गाळतात आणि पेपरची भुकटी आत तशीच राहते. तोंडांवर खड्डा आणि समोर उंचवटा झाला असेल तर घासत बसू नका, पॉइंट बदला. गॅप मोजताना टाच कॅमच्या सगळ्यात उंच जागी हवी, लुकासच्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरना ०.३५ ते ०.४० मिमी असतो, बॉशला ०.४० च्या आसपास, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो खरा. कॅमला ग्रीसचा अगदी छोटा ठिपका लावा, नाहीतर टाच परत झिजेल.

साफ करूनही लॅम्प विझत नसेल तर पॉइंट ज्या प्लेटवर बसतात तिचा अर्थ बघा. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्समुळे (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग, बदलणारी यंत्रणा) ती प्लेट हलती असते आणि तिला डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीशी जोडणारी एक छोटी मऊ विणलेली वायर असते, ती जुनी झाली की तुटते किंवा स्क्रूपाशी सडते. मल्टीमीटर असेल तर पॉइंट बंद आणि चावी ऑन ठेवून डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलपासून बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या टोकापर्यंत व्होल्ट मोजा, ०.२ च्या आत यायला हवेत, जास्त असतील तर वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. सेल्फ जोरात फिरतोय म्हणताय म्हणजे इंजिनची मोठी अर्थ पट्टी तरी ठीक असावी.

ठिणगी बघायची ती प्लगला नाही, आधी कॉइलला. कॅपच्या मधल्या भोकातली जाड वायर काढा, तिचं टोक ब्लॉकपासून ५-६ मिमीवर टेकवून ठेवा किंवा इन्सुलेटेड चिमट्याने धरा, हातात नाही. चावी ऑन, पॉइंट बंद, आणि प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट उघडा. प्रत्येक उघडण्याला टक्कन निळी ठिणगी पडली पाहिजे. फट उगाच मोठी ठेवू नका, ठिणगीला जायला जागा मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतच वाट शोधते. आणि हे करायच्या आधी कार्ब्युरेटरभोवती सांडलेलं पेट्रोल पुसून वाळू द्या, पेसमेकर असलेल्या माणसाने तर या कामाच्या जवळही जाऊ नये.

प्रश्न: चावी पूर्ण फिरवून सेल्फ मारला की गाडी लगेच पकडते, पण चावी सोडली की त्याच क्षणी बंद. पेट्रोल पंप, फिल्टर सगळं झालं. चावी धरून ठेवली तर सेल्फसकट चालूच राहते!

उत्तर: चावी धरून ठेवू नका हो, सेल्फचं वाटोळं होईल. हा पेट्रोलचा विषय नाही, तुम्ही जे लक्षण लिहिलंय ते जवळजवळ बॅलास्ट रेझिस्टरचं नाव घेऊनच आलंय. सेल्फ फिरताना बॅटरी ९-१० व्होल्टपर्यंत खाली येते, तेव्हाही ठिणगी जोरदार पडावी म्हणून अशा गाड्यांत कॉइलच कमी व्होल्टची देतात, प्रायमरी साधारण १.५ ओहमची. सेल्फ मारताना सोलेनॉइडवरून (सेल्फचा मोठा स्विच) किंवा स्विचवरून बॅटरीचा सरळ सप्लाय कॉइलला मिळतो आणि चावी सोडल्यावर तो रेझिस्टरमधून कमी होऊन येतो. रेझिस्टर तुटला की पहिली वाट चालू आणि दुसरी बंद, म्हणून सेल्फवर चालते आणि सोडली की मरते.

कॉइलजवळ किंवा फायरवॉलवर पांढऱ्या चिनीमातीचा लांबट ठोकळा दिसतोय का बघा, तोच रेझिस्टर. दिसत नसेल तर काही गाड्यांत वायरिंगमध्येच रेझिस्टन्सची वायर गुंडाळलेली असते, ती बाहेरून साध्या वायरीसारखीच दिसते. चावी ऑन आणि पॉइंट बंद असताना कॉइलच्या चावीच्या बाजूला ६ ते ८ व्होल्ट यायला हवेत. शून्य येत असेल आणि रेझिस्टरच्या अलीकडच्या टोकाला पूर्ण बारा असतील तर रेझिस्टर गेला. अलीकडेही काही नसेल तर चावीच्या स्विचचा चालू स्थितीतला काँटॅक्ट झिजलाय, सेल्फच्या स्थितीतला वेगळा असतो आणि तो चालतोय.

घरी पोचायला रेझिस्टरची दोन टोकं वायरीने जोडली तर चालेल, पण ते तसंच ठेवून महिनोन्महिने फिरणारे लोक मी बघितलेत आणि मग ते कॉइलला शिव्या देतात. याच्या उलटं लक्षणही असतं, सेल्फ फिरत असताना काही नाही आणि चावी सोडता सोडता एखादा फट् आवाज येऊन इंजिन पकडतं, तिथे रेझिस्टर बरा असतो आणि सेल्फच्या वेळची सरळ वायर तुटलेली असते.

प्रश्न: सर, गाडी थंड असताना एकदम छान चालते. वीस-पंचवीस मिनिटं झाली की खोकल्यासारखं करून बंद. अर्धा तास थांबलं की काहीच झालं नाही अशी चालू. मेकॅनिकने कॉइल बदलली, महिनाभर बरं वाटलं, परत तेच. दुसरी कॉइल टाकली, तीही तशीच. आता तिसरी घ्यायला सांगतोय.

उत्तर: तिसरी घेऊ नका. निदान घ्यायच्या आधी एक मोजमाप करा, दोन्ही बारीक वायरी काढून त्या कॉइलच्या प्रायमरीचे ओहम मोजा. बॅलास्ट नसलेल्या १२ व्होल्टच्या गाडीला साधारण ३ ओहमची कॉइल लागते. तुमच्याकडे १.५ ची बसवली असेल, आणि दुकानातून दोन्ही वेळा तीच आली असेल, तर तिच्यातून पॉइंट बंद असताना चारऐवजी आठ अँपिअर जातात, ती तापणारच, आतलं इन्सुलेशन ढिलं पडणारच, आणि पॉइंटही लवकर जळणार. अशा वेळी कॉइल दर वेळी खरोखरच खराब झालेली असते, म्हणून मेकॅनिकचंही पूर्ण चुकलेलं नसतं, पण ती का जाते हे कोणी विचारलं नाही. चालून आलेली कॉइल गरम लागते हे नॉर्मल आहे. हात क्षणभरही ठेववत नाही किंवा टोकाला तेल पाझरलंय, हे नॉर्मल नाही.

कॉइल ३ ओहमचीच निघाली तर कंडेन्सरकडे बघा. तोही तापला की आतून सुटतो आणि गार झाला की परत जुळतो. त्याची खूण पॉइंटवर दिसते, कॅप काढून सेल्फ मारला की पॉइंटमध्ये चांगली मोठी निळी-पांढरी ठिणगी नाचताना दिसते आणि प्लगला मात्र पिवळट बारीक किंवा काहीच नाही. बारीक ठिणगी पॉइंटवर थोडी पडतेच, तिला घाबरू नका. हल्ली मिळणारे नवीन कंडेन्सर काही वेळा अगदी थोडं चालून जातात, त्यामुळे नवीन आहे म्हणून सोडून देऊ नका. बरेच लोक कंडेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या उष्णतेतून काढून बाहेर कॉइलजवळ लावतात, वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला आणि त्याची बॉडी पक्क्या अर्थला. मलाही ते पटतं. मायक्रोफॅरॅड ०.१८ ते ०.२५ च्या दरम्यान असावेत.

पण या सगळ्याच्या आधी एक काम, आणि हे काम गाडी बंद पडल्यावर लगेच करायचं, रस्त्याच्या कडेला, अर्धा तास थांबून नाही. कारण गार झाल्यावर सगळ्याच टेस्ट पास होतात आणि दोष परत पळून जातो. डिकीत टेस्ट लॅम्प आणि एक जादा प्लग ठेवा. बंद पडली की कोणत्याही एका सिलिंडरची वायर काढून जादा प्लगला लावा, प्लगची बॉडी ब्लॉकला टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. ठिणगी व्यवस्थित पडत असेल तर तुम्ही इतके दिवस चुकीच्या माणसाला धरलंय, पेट्रोल गरमीने वाफ होऊन पाइपमध्ये अडकतंय, त्याची लक्षणं हुबेहूब अशीच असतात. ठिणगी नसेल तर तिथेच लॅम्प कॉइलच्या दोन्ही टर्मिनलला आळीपाळीने लावून वर पहिल्या उत्तरात दिलंय तसं बघा.

अजून एक शक्यता, थोडी चकवणारी. डिस्ट्रिब्युटरच्या आतली जी छोटी वायर बाहेरून पॉइंटपर्यंत जाते ती व्हॅक्यूमच्या प्लेटबरोबर सतत वाकत असते, कित्येक वर्षं. आतल्या तारा तुटतात आणि वरचं कव्हर शाबूत राहतं. गाडी उभी असताना चालते, अ‍ॅक्सिलरेटर दिला की प्लेट हलते आणि करंट जातो. चावी ऑन, पॉइंट बंद, लॅम्प डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला लावून ती वायर चिमटीत धरून हलवा. लॅम्प लुकलुकला की सापडली. बदलताना अगदी मऊ, बारीक तारांची वायर घ्या, साधी जाड वायर तिथे परत तुटते.

प्रश्न: काका, आजोबांची गाडी मी शिकत शिकत नीट करतेय. चालू गाडीत फक्त नवीन पॉइंट आणि कंडेन्सर टाकले, गॅप फिलर गेजने बरोबर ठेवला, आणि आता करंट शून्य. जुने पॉइंट परत टाकले तरी शून्य!

उत्तर: अगं, चालू गाडीत हात घातल्यावर बंद पडली म्हणजे दोष जिथे हात घातलास तिथेच आहे, बाकी कुठे शोधू नकोस. आधी एक विचारतो, हसू नकोस, रोटर परत लावलास ना? कॅप लावायच्या घाईत तो टेबलावर राहतो, अनुभवी माणसांचाही राहतो.

लावला असेल तर वॉशर बघ. जुन्या प्रकारच्या पॉइंटमध्ये एक खांब असतो, त्यावर पॉइंटची स्प्रिंग, कंडेन्सरची वायर आणि कॉइलकडून आलेली वायर अशी तीन टोकं बसतात. या तिघांनी एकमेकांना टेकायचं आणि खांबाला, नटला किंवा प्लेटला मात्र अजिबात टेकायचं नाही. म्हणून तिथे प्लास्टिकचा कॉलरवाला वॉशर असतो, काहींमध्ये खालीही एक असतो. वॉशर राहिला किंवा वायरीचा लग (टोकाची कडी) त्याच्या वर, नटच्या खाली बसला की पॉइंट कायमचे अर्थ. लॅम्प लावशील तर तो कधीच पेटणार नाही. जुने पॉइंट टाकूनही शून्य म्हणतेस त्यावरून मला हेच जास्त वाटतंय, कारण जुन्यांनाही तू त्याच पद्धतीने बसवलं असशील. नवीन कंडेन्सर आतून शॉर्ट निघाला असेल तरी हेच होतं, त्याची वायर सोडवून बघ, लॅम्प परत पेट-विझ करायला लागला तर कंडेन्सर टाकून दे.

आणि लॅम्प उलट सतत पेटलेला राहिला तर पॉइंटवर तेल आहे. नवीन पॉइंट गंजू नयेत म्हणून त्यांच्या तोंडाला एक पातळ थर लावून देतात, तो स्पिरिटने पुसायचा असतो. फिलर गेजच्या पट्ट्यांनाही तेल असतं, गॅप मोजता मोजता तेच तेल तू पॉइंटच्या मध्ये पुसलंस असं होतं. आधी पट्टी पुसायची, आणि गॅप लावून झाल्यावर कोरडं कार्ड एकदा ओढायचं.

बाकी वायर कॅपच्या कडेखाली चिरडलेली नाहीये ना आणि कॅप खाचेत नीट बसलीये ना तेवढं बघ. करंट आला की टायमिंग मात्र परत तपास, पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही हलतं.

प्रश्न: कॉइलच्या मधल्या वायरीला जोरदार करंट आहे, प्लगला चारही सिलिंडरला नाही. एचटी वायर नवीन आहेत.

उत्तर: चारही वायरी आणि चारही प्लग एकदम जात नाहीत, म्हणजे करंट कॅप आणि रोटरमध्ये गायब होतोय. रोटरवर माझा पहिला संशय. वरची पितळी पट्टी एका रिव्हेटने बसवलेली असते आणि काही नवीन रोटरमध्ये त्या रिव्हेटच्या खाली प्लास्टिक इतकं पातळ असतं की करंट ते फोडून सरळ खाली शाफ्टला जातो. बाहेरून रोटर कोरा करकरीत दिसतो. कॅप बाजूला करा, रोटर जागेवर ठेवा, कॉइलची जाड वायर इन्सुलेटेड चिमट्याने रोटरच्या पितळी पट्टीच्या मध्यापासून ३ मिमीवर धरा आणि पॉइंट उघडा. चांगल्या रोटरवर फार तर एखादी फिकी ठिणगी पडेल कारण पट्टीला पुढे जायला वाट नसते. दर वेळी सणसणीत ठिणगी पडतेय म्हणजे ती रोटरमधून खाली अर्थला जातेय. जुना मूळचा रोटर ठेवला असेल तर तोच परत लावून बघा, मला तर जुना बरा रोटर नव्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

रोटर पास झाला तर कॅप. मध्ये स्प्रिंगवर कोळशाचा छोटा ब्रश असतो, तो अडकलाय किंवा पडून गेलाय का बघा, बोटाने दाबला की आत जाऊन परत वर यायला हवा. मग कॅप उजेडात तिरकी धरा आणि आतून एका टर्मिनलपासून दुसऱ्यापर्यंत किंवा कडेपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसतेय का बघा. ती कोळशाची वाट असते, एकदा पडली की करंट कायम तिकडूनच जातो, खरवडून काही होत नाही, कॅप बदला. नुसता दमटपणा असेल तर कोरड्या फडक्याने पुसून काम होतं.

प्रश्न: या पॉइंटच्या कटकटीतून सुटण्यासाठी पॉइंटच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक किट टाकावं का?

उत्तर: टाका, वाईट नाही, टाच झिजणं, गॅप, कंडेन्सर या तिन्हीतून सुटका होते. फक्त गाडीत आत्ता दोष असेल तर तो आधी पॉइंटवरच काढा आणि मग किट बसवा. सडका सप्लाय आणि खराब अर्थ यांचं इलेक्ट्रॉनिक किटला पॉइंटपेक्षा जास्त वावडं असतं.

किट घेताना बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते आधी बघा, पॉझिटिव्ह अर्थचं किट वेगळं येतं आणि उलट जोडलं तर मॉड्यूल (किटचा इलेक्ट्रॉनिक भाग) क्षणात जातं. कॉइल किती ओहमची चालेल ते किटच्या कागदावर लिहिलेलं असतं, त्याहून कमी ओहमची लावली तरी मॉड्यूल जातं. एचटी वायर रेझिस्टन्सवाल्या लागतात, जुन्या तांब्याच्या तारेच्या चालत नाहीत. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गाणी ऐकत बसू नका. आणि वर सांगितलेली फट ठेवून ठिणगी बघायची पद्धत इथे वापरू नका, वायर मोकळी सोडून सेल्फ मारला तरी मॉड्यूल उडू शकतं, प्लग लावून आणि त्याची बॉडी ब्लॉकला पक्की टेकवूनच बघा.

काढलेली पॉइंटची प्लेट, कंडेन्सर आणि वॉशर सगळं एका डबीत घालून डिकीत ठेवा. मॉड्यूल गेलं तर ते रस्त्यात दुरुस्त होत नाही, पॉइंट मात्र एका स्क्रू ड्रायव्हरवर परत बसतात.